माकलीत अळी निघाली, आता?

प्रश्न असा आहे: तोक्योत सुपरमार्केटमधून ताजी सुरुमे-इका जातीची माकली आणली, साफ करताना आत पांढरी, वेटोळं घातलेली अळी दिसली. बाकीची माकली शिजवून खावी का, आणि त्याच दुकानातली साशिमी, म्हणजे कच्च्या चकत्या, आणावी का?

शिजवून खुशाल खा. अळी काढून टाका, आतडी-कोठा फेका, माकली धुऊन घ्या. ती बहुधा अनिसाकिस असणार: दोन-तीन सेंटीमीटरचा पांढरा दोरा. हिचं खरं घर देवमासे-डॉल्फिनचं पोट. त्यांच्या विष्ठेतून अंडी समुद्रात पडतात, अळ्या झिंग्यासारख्या बारीक जिवांत शिरतात, तिथून मासे आणि माकल्यांत. म्हणजे हा दुकानदाराच्या अस्वच्छतेचा दोष नव्हे. खुल्या समुद्रातल्या माशात हे असायचंच.

६० अंशांना एक मिनिट मिळालं की अळी मरते. ७० अंशांना तर लगेच. तव्यावरच्या पातळ चकत्यांना एवढी उष्णता सहज लागते. काळजी घ्यायची ती भरलेल्या माकल्यांची. रबरासारख्या होतील या भीतीने आपण त्या लवकर उतरवतो, पण सारण मधोमध गरमच झालेलं नसतं.

दिसणारा प्रत्येक पांढरा धागा अळी नसतो, हेही सांगतो. पिकलेल्या नर माकलीत शुक्राणूंच्या बारीक पुड्या असतात आणि हात लावला की त्या उसळतात. दक्षिण कोरियात एका बाईने आतले अवयव न काढता अर्धवट उकडलेली माकली खाल्ली, तर पुड्या जिभेत आणि गालात रुतल्या. २०१२ साली परजीवीशास्त्राच्या नियतकालिकात ही नोंद आली. साफ करायचा कंटाळा नको तो यासाठी!

आता साशिमी. पाकिटावर 'साशिमी-यो', म्हणजे 'साशिमीसाठी', लिहिलेलं असलं म्हणजे अळी नाही, असा अर्थ होत नाही. जपानमध्ये कच्च्या माशाला गोठवण्याची सरसकट सक्ती नाही. २०२२ साली तिथे अन्नविषबाधेच्या ९६२ घटना नोंदल्या गेल्या, त्यांतल्या ५६६ अनिसाकिसच्या. बहुतेकींत रुग्ण एकच, म्हणून घाबरून जाण्यासारखं नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही. माझा सल्ला उलटा वाटेल: 'काईतो', म्हणजे गोठवून परत वितळवलेला, असा शिक्का असलेलं पाकीट घ्या. लोक शिळं समजून ते टाळतात, पण उणे २० अंशांत २४ तास राहिलेल्या मालातली अळी मेलेली असते. घरचा फ्रीजर दार उघडझाक करता करता तिथवर पोचेलच असं नाही. व्हिनेगर, मीठ, सोया सॉस, वासाबी यांनी अळी मरत नाही. घरी केलेलं शिओकारा, म्हणजे मिठात मुरवलेली कच्ची माकली, म्हणूनच मी खात नाही. जपानी स्वयंपाकी साशिमीच्या माकलीवर थोड्याथोड्या अंतरावर चिरा देतात, त्यात अळ्या कापल्या जातात, पण सगळ्याच सापडतील याचा भरवसा नाही. होतारु-इका ही छोटी माकली तर कच्ची, आतड्यांसकट खातात आणि तिच्यात वेगळीच अळी असते. ती उकडलेलीच घ्या.

कच्चं खाऊन काही तासांत बेंबीच्या वर मरणाची कळ आणि उलट्या सुरू झाल्या तर पित्ताची गोळी घेऊन झोपू नका. दवाखान्यात गेल्यावर पहिलं वाक्य 'कच्ची माकली खाल्ली' हेच असू द्या. दुर्बीण घालून चिमट्याने अळी काढली की आराम पडतो. आतड्यात गेली तर दुखणं दुसऱ्या दिवशी किंवा त्याहून उशिरा सुरू होतं आणि निदान अवघड होतं.

एक अपवाद मात्र आहे. नीट शिजवलेला मासा खाऊनही अंगावर गांध्या येत असतील तर वरचं काहीच लागू नाही. मेलेल्या अळीच्या प्रथिनांचीही ॲलर्जी होते आणि त्यातली काही प्रथिनं उष्णतेने मोडत नाहीत. आधी तपासणी करून घ्या, तोवर अळी निघालेली माकली नकोच.