जुन्या वाचनालयाचं नूतनीकरण करताना रॅक, फरशी, छत यांसाठी कोणतं साहित्य घ्यावं?

तुम्ही दिलेली माहिती अशी: कोल्हापूरच्या शाहूपुरीत दुमजली इमारत, वर १,२०० चौरस फुटांचा हॉल, दहा हजार पुस्तकं, त्याच हॉलमध्ये स्पर्धा परीक्षेच्या ३० मुलांची अभ्यासिका, खाली काउंटर आणि वर्तमानपत्रांचं टेबल. कंत्राटदाराने भिंतींना प्लायचं पॅनेलिंग, जिप्समचं सपाट छत आणि चकचकीत टाइल्स सुचवल्या आहेत. या तिन्हींना मी नाही म्हणेन. कारणं सांगतो, पण आधी स्लॅब आणि ओल.

राहत्या घराचा स्लॅब दर चौरस मीटरला २०० किलो भार धरून बांधतात. पुस्तकांच्या दालनासाठी आयएस ८७५ (भाग २), म्हणजे इमारतीवर किती भार धरायचा ते ठरवणारं भारतीय मानक, ६०० किलो धरायला सांगतं, आणि तेही २.२ मीटर उंचीपर्यंतच. रॅक त्याहून उंच असतील तर आणखी. हा आकडा उगाच फुगवलेला नाही. तीन फुटांची गच्च भरलेली फळी २५ ते ३० किलोंची होते. दुतर्फा रॅकला अशा १२ फळ्या, वर रॅकचं स्वतःचं वजन, म्हणजे ४०० किलोंच्या आसपास. वाटेसकट त्याने व्यापलेली जागा धरली तरी दर चौरस मीटरला पावणेतीनशे किलो होतात. इमारत मुळात घर किंवा ऑफिस म्हणून बांधलेली असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी दाखला घेतल्याशिवाय रॅकची ऑर्डर देऊ नका. रुळांवर सरकणारे कॉम्पॅक्ट रॅक तर वरच्या मजल्यावर नकोतच. त्यांत मधल्या वाटा नसल्याने भार जवळपास दुप्पट होतो.

आता जागेचा हिशेब. फळीवर साधारण ३३ पुस्तकं मावतात, पण चौथा हिस्सा मोकळा सोडायचा, नाहीतर दोन वर्षांत पुस्तकं आडवी कोंबावी लागतात. म्हणजे फळीला २५, दुतर्फा रॅकला ३००, आणि दहा हजारांना ३४ रॅक. दोन रॅकमध्ये साडेतीन फुटांची वाट आणि मधला आडवा रस्ता धरून ६५० ते ७०० चौरस फूट यातच जातात. उरलेल्या ५०० मध्ये माणशी किमान २० चौरस फूट दिले तर २५ मुलं बसतील. तीस बसवायचीच असतील तर दहा-बारा वर्षांत कुणी न नेलेली पुस्तकं आधी बाजूला काढा.

रॅक लोखंडीच घ्या: सीआरसी (कोल्ड रोल्ड) पत्र्याचे, पावडर कोटिंगचे, उभे खांब १८ गेजचे, फळ्या २० गेजच्या आणि कडा आत दुमडलेल्या. दुमडलेली कडच फळीला ताठ ठेवते, नुसता जाड पत्रा नाही. लाकडीच हवे असतील तर १९ मिमीचं बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही टिकणारं) प्लाय, फळी अडीच फुटांपर्यंत आणि पुढच्या कडेला दीड इंची पट्टी. फळी तीनऐवजी चार फूट केली तर ती तिपटीहून जास्त वाकते, कारण वाक लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. पार्टिकल बोर्ड कितीही स्वस्त मिळू दे, इथल्या पावसाळ्यात कडा फुगतात आणि स्क्रूची पकड सुटते. फळीची पुढून मागे खोली दहा इंच पुरते, दोन फळ्यांत अंतर ११ ते १२ इंच. दिवाळी अंक आणि कोशांसाठी दोन-चार रॅक वेगळे, १४ इंची. सगळ्यात खालची फळी जमिनीपासून सहा इंच वर. रॅक भिंतीपासून तीन इंच सुटा ठेवायचा, मात्र वरून पट्टीने बांधायचाच. दुतर्फा रॅक एकमेकांना बांधले नाहीत तर ओळच्या ओळ कोसळू शकते.

पॅनेलिंगला माझा विरोध इथेच आहे. जून ते सप्टेंबर भिंत ओल धरते, प्लाय ती झाकून टाकतं, आणि मागे वाळवी व बुरशी निवांत वाढतात. पुस्तकं कसरीने खाल्लेली दिसतात तोवर उशीर झालेला असतो. आधी बाहेरून पॅरापेट (गच्चीचा कठडा), खिडक्यांचे छज्जे आणि पाइपांचे जोड दुरुस्त करा, मग एक पावसाळा जाऊ द्या, मग रंग. इमारत चुन्यात बांधलेल्या दगडी भिंतींची असेल तर सिमेंटचा गिलावा किंवा प्लास्टिक पेंट लावू नका. आतली ओल बाहेर पडत नाही आणि पोपडे सुटतात. तिथे चुन्याचाच गिलावा नि चुन्याचा रंग. हॉलमध्ये आर्द्रतामापक टांगा. आकडा सतत ६५ टक्क्यांच्या वर राहिला तर बुरशी धरते. एसी दिवसा चालू नि रात्री बंद, हा तर सगळ्यात वाईट प्रकार.

छतावर खर्च करा. सगळीकडे कठीण पृष्ठभाग असलेल्या अशा हॉलमध्ये आवाज दोन-अडीच सेकंद घुमतो. साध्या जिप्समने त्यात फरक पडत नाही, ते आवाज शोषत नाही. छताच्या सत्तर टक्के भागावर ०.६ ते ०.७ एनआरसीचे (एनआरसी म्हणजे आवाज शोषण्याचं प्रमाण) अकूस्टिक बोर्ड लावले तर घुमणं एक सेकंदाच्या आसपास येतं. मिनरल फायबरच्या टाइल्स घ्यायच्या तर ९५ टक्के आर्द्रता सहन करणाऱ्याच. साध्या टाइल्स पावसाळ्यात मधोमध लोंबतात. खड्ड्याखड्ड्यांचा स्वस्त फोम मात्र नको, तो पेट घेतो.

वरच्या मजल्यावर फरशीला कोटा दगड किंवा मॅट व्हिट्रिफाइड टाइल्स. चकचकीत नकोत, ओल्या चपलांनी लोक घसरतात. अभ्यासिकेतला खरा त्रास खुर्च्या ओढण्याचा. पायांना रबरी बूच लावा आणि दर वर्षी बदला, कारण झिजलेल्या बुचातून स्क्रू फरशीवर घासतो. गालिचा नको. खुर्चीवर गादीही नको, गर्दीच्या अभ्यासिकेत ढेकूण तिथूनच पसरतात. जाळीची पाठ आणि लाकडी बैठक पुरे. टेबल माणशी तीन फूट बाय दोन, वर मॅट लॅमिनेट, कारण चकाकीने डोळे शिणतात. टेबलावर ३०० ते ५०० लक्स, ४,००० केल्विनचा प्रकाश. रॅकमधले दिवे वाटेच्या लांबीला समांतर, आडवे नाहीत. आडवे लावले की काही वाटा अंधाऱ्या राहू शकतात. दर जागेला टेबलाच्या उंचीवर प्लग, आणि त्या सर्किटला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच).

खालच्या मजल्याचा विचार पुराला धरूनच करा. २०१९ आणि २०२१ ला शाहूपुरीच्या सखल भागात पाणी आलं होतं. पंचगंगा फुगली की जयंती नाल्याचं पाणी मागे फिरतं. तिथे पुस्तक एकही नको. काउंटरचा पाया कडाप्प्याचा, टेबलांना लोखंडी पाय, स्विच-बोर्ड चार फुटांच्या वर, जमिनीलगतची वायरिंग वरून फिरवलेली. दारापाशी खडबडीत कोटा, पॉलिश केलेला नव्हे. ओल्या चपलांनी तिथेच लोक घसरतात.

रॅकची पूर्ण ऑर्डर देण्याआधी एक नमुना मागवा, पुस्तकांनी गच्च भरा आणि पंधरा दिवसांनी फळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणून मधोमध वाक मोजा. तीन फुटांत पाच मिलिमीटरपेक्षा जास्त दिसला तर परत पाठवा.