दुसऱ्याच्या वेबसाइटची लिंक द्यायला परवानगी लागते का?

गोव्यातल्या जत्रा आणि उत्सवी नाटकांची माहिती देणाऱ्या तुमच्या वेबसाइटवर बातम्या, यूट्यूबवरची नाटकं आणि होमस्टे यांच्या लिंक द्यायच्या, तर प्रत्येकाची परवानगी घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. मी फोंड्यात वकिली करतो आणि अशा नोटिसा घेऊन लोक माझ्याकडे येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नुसत्या लिंकला परवानगी लागत नाही. जे पान सगळ्यांसाठी खुलं आहे, त्याचा पत्ता सांगितल्याने कॉपीराइटचा भंग होत नाही. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१४ साली स्वेन्सन खटल्यात हेच म्हटलं. तो निकाल आपल्या कोर्टांवर बंधनकारक नाही, पण विचार पटणारा आहे. तेव्हा मथळा, तुमच्या शब्दांत दोन ओळी आणि वर्तमानपत्राचं नाव लिहून बातमीची लिंक बिनधास्त द्या. अख्खी बातमी फोटोसकट उचलून खाली ‘साभार’ लिहिलंत, तर ती नक्कल झाली. साभार म्हटल्याने परवानगी मिळत नाही.

खरी मेख नाटकांत आहे. माझ्याकडे आलेलं एक प्रकरण सांगतो. देवळाच्या मांडवात नाटक झालं, कुणीतरी ते नांदीपासून मोबाइलवर घेतलं आणि यूट्यूबवर चढवलं. एका गृहस्थांनी ‘पूर्ण नाटक इथे पाहा’ असं लिहून लिंक दिली. व्हिडिओ त्यांचा नव्हता. पण पडदा उघडण्याआधी माइकवरून रेकॉर्डिंगला मनाई केलेली त्या व्हिडिओतच ऐकू येत होती, आणि गृहस्थ स्वतः त्या रात्री मांडवात होते. ‘मला ठाऊक नव्हतं’ म्हणायची सोयच उरली नाही. नोटीस आली त्याच दिवशी लिंक काढली, लेखकाला पत्र लिहिलं, म्हणून ते तिथेच मिटलं.

कायदा पाहतो ते हेच: लिंकच्या पलीकडे काय आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं का? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ जाणूनबुजून भंग करणाऱ्याला लागतं, तसंच जाणूनबुजून त्याला साथ देणाऱ्यालाही लागतं. शिक्षा ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. युरोपीय न्यायालय तर २०१६ साली म्हणालं, की कमाईसाठी लिंक दिली असेल तर देणाऱ्याला ठाऊक होतं असंच धरायचं. तसं नव्हतं हे त्याने दाखवावं. नाटकमंडळीच्या किंवा लेखकाच्या स्वतःच्या चॅनेलवरचं नाटक असेल तर खुशाल द्या. आपल्या गावोगावच्या नाटककारांना मानधन मिळतं तेच तुटपुंजं, त्यात त्यांची संहिता पीडीएफ करून फिरवणाऱ्यांच्या लिंक देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती.

बदनामीचंही तसंच. देवस्थानांच्या महाजनांत, म्हणजे देवळाच्या वंशपरंपरागत सभासदांत, वाद असतात आणि त्यावर वाट्टेल ते लिहिलं जातं. ‘वादाविषयी इथे वाचा’ असं म्हणणं वेगळं आणि ‘समितीने पैसे खाल्ले, हा घ्या पुरावा’ म्हणून लिंक देणं वेगळं. दुसऱ्यात आरोप तुमच्या तोंडचा होतो. बदनामीकारक ट्वीट रीट्वीट करणंही बदनामी ठरू शकतं, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०२४ साली म्हटलंय.

होमस्टेच्या लिंकवर कमिशन घेत असाल तर लिंकपाशीच तसं स्पष्ट लिहा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबतची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं हेच सांगतात. आणि मांडवीतल्या कॅसिनोंना परवाना आहे म्हणून पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांची लिंकही चालेल, हा इथला समज घातक आहे. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात अशा खेळांच्या जाहिरातीला २ वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड सांगितलाय. अशा लिंकचे पैसे कुणी देऊ केले तर सरळ नाही म्हणा.

‘बाहेरच्या लिंकना आम्ही जबाबदार नाही’ ही तळटीप घाला, पण तिच्यावर विसंबू नका. जुन्या लिंक अधूनमधून उघडून पाहा, कारण बंद पडलेल्या साइटचा पत्ता दुसराच कुणी विकत घेतो. नोटीस आलीच तर आधी पानाचा स्क्रीनशॉट घ्या, लिंक उतरवा, आणि मगच उत्तर लिहायला बसा.