श्रीमंत जोडप्यांची मर्डर मिस्ट्री लिहितोयस ना, मग हे बघ

पहिलीच कथा आहे तर खुनी कोण ते नंतर ठरव, आधी कुठला नवरा बायकोपासून काय लपवतोय (आणि उलट) ते कागदावर लिहून काढ. आणि १९५९ ची मुंबईची नानावटी केस वाचच. नेव्हीतला कमांडर, बायकोनं प्रेम आहुजा नावाच्या माणसाशी असलेल्या संबंधांची कबुली दिली तर तिला नि पोरांना मेट्रो थिएटरला पिक्चरला सोडतो, बोटीवरून रिव्हॉल्व्हर घेतो आधी आहुजाच्या ऑफिसात जातो, तो तिथे नाही म्हटल्यावर थेट त्याच्या घरी बेडरूममधे, आणि तिथे गोळ्या लागून आहुजा मरतो. गंमत म्हणजे कोर्टात केवढा खल झाला टॉवेलवरून, झटापटीत गोळ्या सुटल्या म्हणता मग नुकतीच अंघोळ केलेल्या माणसाच्या कमरेचा टॉवेल सुटला कसा नाही? सांगितलेल्या गोष्टीवर शंका आणणारा असला एक टॉवेल तुझ्या कथेत पाहिजे बघ. बंगला, झुंबरं वगैरे दोन ओळींत उरक. नोकरांना मात्र बोलू दे, आहुजाच्या घरच्या नोकरानंही साक्ष दिलीच होती.