शेजारी बस

विलेपार्ले, रविवार रात्र

अनेक आशीर्वाद.

तुझं नाव मुद्दाम लिहीत नाही. या वर्षी आणखी दोघं-तिघं हाच प्रश्न घेऊन माझ्यापुढे बसून गेले, त्यांनाही हे पत्र वाचायला देणार आहे. पण लिहायला बसले ती तुझ्यामुळेच. गुरुवारी कलिन्याला विद्यापीठात तास संपल्यावर तू जिन्यातच लॅपटॉप उघडलास आणि म्हणालीस, "मॅडम, माझा विषयच गेला." लोकलच्या गर्दीवरची मराठी ट्वीट्स गोळा करायची, त्यातला राग, वैताग, आनंद मोजायचा, असं तुझं ठरलं होतं. आणि आता ती ट्वीट्स मिळवायला पैसे मोजावे लागतात. त्यात भांडुपची आत्या विचारते, फेसबुक शिकायला एम.ए. कशाला लागतं? त्यात तुझी मैत्रीण सहा महिन्यांचा डिजिटल मार्केटिंगचा कोर्स करून नोकरीला लागली.

आत्याला काय सांगायचं ते तुझं तू बघ. नोकरीचंही तू बघशील, तेवढी तू खमकी आहेस. मला बोलायचंय ते "विषय गेला" या वाक्याबद्दल. तीन रात्री ते डोक्यातून जात नाही.

विषय गेला नाही, बाई. नळ बंद झाला. चाळीत नळाला पाणी येईल तेव्हाच भरायचं असतं आणि चावी दुसऱ्याच्या हातात असते, तसं हे आहे. २०२३ मध्ये ट्विटरनं संशोधकांची मोफत सोय काढून घेतली. फेसबुक-इन्स्टाग्रामवर काय पसरतंय ते पाहायला पत्रकार आणि अभ्यासक क्राउडटँगल वापरायचे, ते मेटानं १४ ऑगस्ट २०२४ ला बंद केलं. आणि आपल्याकडे घराघरात बोलणं ज्याच्यावर चालतं त्या व्हॉट्सॲपवरचे संदेश तर २०१६ पासून पूर्ण कुलूपबंद आहेत, बाहेरून कुणालाच वाचता येत नाहीत. मग उरतं काय? फोन हातात धरलेलं माणूस उरतं. त्याच्या शेजारी जाऊन बसायचं. परवानगी घेऊन, वेळ काढून, त्याच्या जागेवर. मी वर्गात हे इतक्यांदा म्हणते की मागच्या बाकावरची मुलं माझ्या आधी म्हणून टाकतात. म्हणू देत. शेजारी बस.

हे मला कुणी शिकवलं नाही. शिकवणारी माणसं होती, मीच ऐकलं नाही. २००९ मध्ये मी पीएच.डी.ला नाव घातलं. विषय होता मराठी तरुण आणि ऑर्कुट, म्हणजे फेसबुकच्या आधी आपल्याकडे गाजलेली तसलीच साइट. दादर, ठाणे, डोंबिवलीच्या कॉलेजांत फिरून साडेतीनशे प्रश्नावल्या भरून आणल्या. "ऑर्कुटवर रोज किती वेळ घालवता?" याला चार पर्याय आणि पुढे चौकोन. डोंबिवलीच्या एका मुलीनं चौकोनात खूणच केली नव्हती. समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, "भाऊ घरी असेल तेव्हा. पासवर्ड त्याचा आहे." मी काय केलं असेल? तिला "अर्धा ते एक तास" या रकान्यात टाकलं आणि पुढचा कागद घेतला. रिकामा चौकोन एक्सेलमध्ये चालत नव्हता.

त्या एका ओळीत अख्खा प्रबंध होता. भावाच्या नावानं ती कुणाशी बोलायची, मित्रमैत्रिणींना कळायचं का की ही ती आहे, भाऊ नंतर सगळं वाचायचा का. त्या कॉलेजात मी आणखी दोनदा गेले, दोन्ही वेळा नव्या प्रश्नावल्या घेऊन. त्या मुलीला शोधलं नाही. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं तेव्हा माझ्याकडे साडेतीनशे माणसांचे तास होते आणि माणूस एकही नव्हता. प्रबंध अपुरा राहिला तो राहिलाच.

प्रबंध सोडला याबद्दल लोक मला बोलतात, पाठीमागे जास्त. तुझ्याही कानावर आलं असेल, म्हणून सांगते. वडिलांचं डायलिसिस सुरू झालं होतं, घराचा हप्ता होता. २०१३ पासून चार वर्षं मी एका जाहिरात कंपनीत काढली. दर महिन्याला रिपोर्ट लिहायचा, इतका रीच, म्हणजे किती माणसांपर्यंत पोचलं, इतकी इम्प्रेशन्स, म्हणजे किती वेळा दिसलं, इतकी एंगेजमेंट, म्हणजे किती जणांनी लाइक-कमेंट केली. एका मोहिमेतले निम्मे फॉलोअर विकत घेतलेले आहेत हे मला आणि माझ्या वरिष्ठांना दोघांनाही माहीत होतं. रिपोर्टवर सही माझी आहे. त्या नोकरीनं घर चालवलं आणि तिची मला लाज नाही. त्या सहीची आहे. पण आकडा कसा तयार होतो, कोण तयार करतं आणि कोण तो डोळे मिटून मान्य करतं हे मी तिथे बसून पाहिलं. आज मी आकड्याला जे प्रश्न विचारते ते त्या खुर्चीत शिकलेले आहेत. ते दुसरीकडे कुठेही शिकले नसते, हे मी ठासून सांगते.

आता खारदांड्याच्या मावशीबद्दल. पार्ल्याच्या बाजारात मासे विकायला बसते, मी वीस वर्षांची गिऱ्हाईक. गेल्या पावसाळ्यात तिच्या परवानगीनं रोज सकाळी तासभर तिच्या बाजूला बसत होते. फोन प्लास्टिकच्या पिशवीत, गळ्यात दोरीनं लटकवलेला. पाटीतली पापलेटं बर्फावर नीट मांडायची, वरून फोटो काढायचा, गिऱ्हाइकांच्या यादीला पाठवायचा. पण बोटं कायम ओली. ओल्या बोटाला स्क्रीन दाद देत नाही, भलतंच काही उघडतं. मग ती बोट पदराच्या कोरड्या टोकाला पुसते, फोन पिशवीतून अर्धा बाहेर काढते, बोटाच्या पेराच्या मागच्या बाजूनं माइक दाबून धरते आणि बोलते. "मोठी हायेत, आत्ता बोटीवरनं आलीत, धाच्या आत सांगा." टाइप ती कधीच करत नाही. तिचं लिहिणं म्हणजे आवाज.

गिऱ्हाइकांची उत्तरं मात्र लिहून येतात, तीही रोमन अक्षरांत. "2 medium, clean karun" असं. मावशीला ते वाचता येत नाही. शेजारी कोथिंबीर-मिरची विकणारी मुलगी बसते, ती मान वळवून वाचून दाखवते. मावशी "हो" म्हणाली की तीच फोनवर अंगठ्याचं चिन्ह टाकते. कधी मावशी ऐकण्याआधीच मुलगीच ठरवते, हे गिऱ्हाईक उधारीवालं आहे, याला उत्तर नको. आठव्या दिवशी मला उमगलं की या खात्यावर दोन बायका आहेत. नंबर एकीचा, डोळे दुसरीचे, आणि भाव कुणाला किती सांगायचा याचा निर्णय दोघींच्या मधे कुठेतरी होतो. मोजणाऱ्या यंत्राला तिथे एक वापरकर्ता दिसतो. मला त्या क्षणी डोंबिवलीची मुलगी आठवली आणि बाजारातून उठून घरी आले. मासळी घ्यायचीही राहिली.

तुझ्या ट्वीट्सचंही हेच होणार होतं. "वा, काय वेळेवर आली गाडी!" हा टोमणा यंत्र आनंदात जमा करणार. देवनागरीतलंच गोळा केलंस तर रोमनमध्ये मराठी लिहिणारे सगळे सुटणार, आणि आपली निम्मी मुलं तसंच लिहितात. शिवाय ट्वीट करतो कोण? कर्जत लोकलच्या लेडीज डब्यात उभ्यानं भाजी निवडत जाणारी बाई ट्वीट करत नाही. तिच्या डब्याचा एक ग्रुप असतो, त्यात ती लिहिते, "आज मागच्या डब्यात चढा, पुढे पाय ठेवायला जागा नाही." गर्दीबद्दलचं खरं बोलणं तिथे चाललंय. तो ग्रुप तुला कुठलीही कंपनी विकत देणार नाही. तो तुला ती बाईच दाखवेल, तू रोज त्या डब्यात चढलीस तर.

तू म्हणशील, एका मासेवालीवरून आणि एका डब्यावरून काय सिद्ध होतं? तोंडी परीक्षेत हेच विचारतील. सिद्ध काहीच होत नाही. विचारायचं काय ते कळतं. काट्झ आणि लाझार्सफेल्ड या माध्यमांच्या अभ्यासकांचं नाव तुझ्या पहिल्याच सत्रात आहे. तू ते दोन गुणांचं उत्तर म्हणून पाठ केलंयस, मला माहीत आहे. १९५५ साली त्यांनी जे छापलं ते कशावर उभं होतं? अमेरिकेतल्या डेकाटर नावाच्या गावात ८०० बायकांना समोर बसवून विचारलं, की किराणा काय घ्यायचा, कपड्यांची फॅशन, सिनेमा कुठला बघायचा, सार्वजनिक प्रश्नांवर काय मत धरायचं, हे तुम्ही कुणाला विचारता. रेडिओचा आवाज थेट माणसात शिरतो हा समज तिथे मोडला. मधे शेजारीण असते. कोथिंबीरवाली असते. त्यांनीही मोजलंच, पण मोजण्याआधी मधे कुणीतरी आहे हे गृहीत धरलं.

उलटं उदाहरणही घे. २०१२ च्या जानेवारीत फेसबुकनं एक आठवडा ६,८९,००३ लोकांवर प्रयोग केला, त्यातल्या काहींच्या फीडमधल्या आनंदी, तर काहींच्या दुःखी पोस्ट कमी करून पाहिल्या. २०१४ मध्ये ते छापून आलं. एवढ्या माणसांमधून निघालं काय, तर त्यांच्या लिहिण्यात भावनेच्या शब्दांचा फरक पडला, हजार शब्दांमागे एखाद्या शब्दाचा. यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं की आपल्यावर प्रयोग चालू आहे. जगभर गदारोळ झाला तो संमतीवरून, आणि तो व्हायलाच हवा होता. मला मात्र आणखी एक गोष्ट खुपते. त्या आठवड्यात कुणाचं कुणी गेलं असेल, कुणाला मूल झालं असेल. त्यातलं त्यांना काहीही कळलं नाही. कळून घ्यायचंही नव्हतं.

हे सगळं फक्त पदवीपुरतं असतं तर मी एवढी चिडले नसते. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना मुलं पळवणारे समजून जमावानं ठेचून मारलं. त्या महिन्यांत मुलं पळवण्याच्या ज्या क्लिपा देशभर फोनवर फिरत होत्या, त्यातली एक कराचीतल्या मुलांच्या सुरक्षेसाठी केलेल्या फिल्ममधून घेतलेली होती. मूळ फिल्ममध्ये मूल उचलून नेणारे मोटरसायकलवरचे दोघे शेवटी ते परत आणून सोडतात. तो शेवट कापलेला होता. त्याच जुलैत व्हॉट्सॲपनं भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. केलं ते बरं झालं. पण ती मर्यादा संदेश किती ठिकाणी गेला तेवढंच मोजते. एका फोनभोवती किती माथी वाकलेली असतात ते ती मोजत नाही. आणि दारात आलेल्या भटक्या माणसाबद्दलचा संशय फोनपेक्षा कितीतरी जुना आहे. कित्येक जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवणारा कायदा इंग्रजांनी १८७१ साली केला होता. कापलेली क्लिप त्या जुन्या संशयावर येऊन पडली. हे तुला आकडे दाखवणाऱ्या कुठल्याही डॅशबोर्डवर दिसणार नाही. एखाद्या पाड्यावर, आठवडी बाजाराच्या दिवशी, फोन दाखवणाऱ्याच्या आणि बघणाऱ्याच्या शेजारी बसलेल्या माणसालाच ते दिसू शकतं. तुझ्या पिढीत असं बसणारे दहा जण तरी हवेत. म्हणून मी तुला मार्केटिंगच्या कोर्सला जाऊ देत नाहीये, राग मानायचा तर मान.

बसायचं कसं, तेही सांगते, कारण वर्गात ते घाईत होतं. पहिले चार दिवस वही काढायची नाही. दुसऱ्याच्या फोनचा फोटो काढायचा नाही, तिनं म्हटलं तरी नाही, कारण त्यात पलीकडच्या माणसाचा संदेश असतो आणि त्यानं तुला परवानगी दिलेली नाही. परवानगी एकदा विचारून भागत नाही. महिन्यानं पुन्हा विचारायची, तोवर तिला कळलेलं असतं की तू काय बघतेस. लिहायचं त्याच रात्री, झोपण्याआधी, मराठीत. इंग्रजीत प्रबंध द्यायचाय म्हणून टिपणंही इंग्रजीत काढतेस ते बंद कर. "आत्ता बोटीवरनं आलीत, धाच्या आत सांगा" याचं इंग्रजी केलंस की त्यातली बोट जाते, घाई जाते, मावशी जाते. आणि स्क्रीनकडे कमी बघ. हात बघ, डोळे बघ, फोन कुणाकडे सरकवला जातो ते बघ.

गाइड नाही म्हणतील. सॅम्पल केवढं, विचारतील. त्यांना माझ्याकडे पाठव. माझ्या नावापुढे डॉक्टर नाही म्हणून ते ऐकणार नाहीत कदाचित, तरी पाठव. ते साडेतीनशे कागद माझ्या माळ्यावर गठ्ठ्यात बांधलेले आहेत. समासात लिहिलेला तो एक मी वेगळा काढून ठेवलाय, तो त्यांच्यापुढे ठेवीन.

तुला येत्या शुक्रवारी सकाळी साडेसहाला पार्ल्याच्या बाजारात यायचं आहे. डब्याचा ग्रुप नंतर, आधी इथे बसायला शीक. मावशीला काल विचारलं, एक मुलगी येऊन बसली तर चालेल का. तिनं कोयता खाली ठेवला, तू कोण, कुठली, लग्न झालंय का, सगळं विचारून घेतलं, आणि मग म्हणाली, "बसू दे की. पण नुसती बसायची नाय. कोलंबी सोलायची."

तुझी,
मॅडम