दिवाळीआधी पाचशे बॅकलिंक विकत घ्याव्यात का?

प्रश्न: डोंबिवलीहून परदेशात दिवाळीचा फराळ पाठवण्याची माझी छोटी वेबसाइट आहे. एक एजन्सी महिना १२ हजारांत ‘डीए ५०’च्या पुढच्या ५०० बॅकलिंक देते म्हणते. आमच्याच लाइनमधला एक जण असंच करून पहिल्या पानावर आलाय. गुगल खरंच पकडतं का? आणि पकडलंच तर काय होतं?

उत्तर:

घेऊ नका. (बॅकलिंक म्हणजे दुसऱ्याच्या साइटवरून तुमच्या साइटकडे येणारी लिंक. क्रमांकासाठी ती विकत घेणं गुगलच्या नियमात बसत नाही.) गुगल पकडेल ही भीती आहेच, पण माझ्या मते मुख्य कारण ते नाही. मी पुण्यात एसईओचंच (गुगलच्या निकालांत साइट वर आणण्याचं) काम करतो, म्हणजे लिंकच्या धंद्याशी माझ्या पोटाचाही संबंध आहे. एवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

आधी हिशोब करू. १२ हजारांत ५०० म्हणजे एक लिंक २४ रुपयांना पडली. ज्या वेबसाइटला खरे वाचक आहेत, जिचा मालक आपल्या नावाला जपतो, तो २४ रुपयांत तुमची शिफारस करेल का? लिंक ही मुळात शिफारसच. गुगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८च्या सुमारास स्टॅनफर्डमध्ये पेजरँक ही पानांचं महत्त्व ठरवायची पद्धत मांडली, त्याच्या मुळाशी हेच होतं: एका पानाने दुसऱ्याला लिंक दिली की ते एक मत, आणि ज्या पानाला स्वतःला जास्त वजनदार मतं मिळालीत त्याचं मतही वजनदार. हे बाहेर कळल्यावर मतांचा बाजार भरणार हे उघड होतं, तसा तो भरला. तुम्हाला जे ५०० नग मिळणार आहेत ती सभेला ट्रक भरून आणलेली माणसं आहेत. मैदान भरलेलं दिसतं, मतपेटीत काही पडत नाही.

एजन्सीकडे नमुन्याच्या दहा लिंक मागा आणि स्वतः उघडून बघा. बहुतेक ठिकाणी ‘ताज्या बातम्या’ छापाचं एक पोर्टल निघेल. पहिल्याच पानावर क्रिप्टो, गुडघेदुखीचं तेल, कॅनडाचा व्हिसा, रमीचं ॲप, आणि त्याच रांगेत तुमचा फराळ. लेख उघडलात तर साधारण असं वाचायला मिळेल: ‘दिवाळी हा प्रकाशाचा सण आहे. या प्रकाशाच्या सणाला लोक फराळ खातात. तुम्ही जर दिवाळी फराळ ऑनलाइन यूएसए शोधत असाल तर…’ त्यातले ‘दिवाळी फराळ ऑनलाइन यूएसए’ हे शब्द निळे, म्हणजे ती तुमची लिंक. असं मराठी कोणी बोलत नाही, लिहीत तर नाहीच. जो माणूस मनाने तुमची लिंक देतो तो तुमच्या दुकानाचं नाव लिहितो, नाहीतर नुसता पत्ता चिकटवतो, फार तर ‘यांच्याकडून मागवलं, चकली मस्त होती’ म्हणतो. शंभर वेगवेगळ्या साइटवर तोच विचित्र शब्दसमूह तुमच्याकडे बोट दाखवायला लागला, तर ते कळायला संगणकाचीही गरज नाही.

हा ‘डीए’ काय प्रकार आहे तेही ऐका. डोमेन ऑथॉरिटी हा मॉझ नावाच्या कंपनीने काढलेला १ ते १०० मधला आकडा. एचरेफ्स या दुसऱ्या कंपनीचा तसाच एक ‘डीआर’ आहे. गुगल यातला कुठलाच वापरत नाही, आणि डीए क्रमवारीचा घटक नाही हे मॉझ स्वतःच सांगते. शिवाय हे आकडे लिंक मोजूनच काढलेले असल्यामुळे भंगार लिंकांनीही फुगवता येतात. म्हणून होतं काय, की महिन्याच्या शेवटी एजन्सी तुम्हाला एक्सेल पाठवते, तुमचा डीए ८ वरून १९ वर गेलेला दाखवते, आणि तुम्हाला वाटतं काम झालं. ऑर्डरी मात्र जिथल्या तिथे.

आता तुमचा मूळ प्रश्न. पकडल्यावर होणाऱ्या गोष्टी दोन तऱ्हेच्या आहेत.

पहिली अगदी मुकाट्याने होते. २४ एप्रिल २०१२ ला गुगलने आपल्या क्रमवारीत, अशा लिंका असलेल्या साइट हेरणारा, ‘पेंग्विन’ नावाचा बदल आणला. गुगलच्याच आकड्यानुसार इंग्रजीतल्या सुमारे ३.१ टक्के शोधांवर त्याचा परिणाम झाला. त्या काळात अशा लिंका असलेली साइट खाली ढकलली जायची आणि पेंग्विनची पुढची फेरी येईपर्यंत, म्हणजे कित्येक महिने, तिथेच पडून राहायची. सप्टेंबर २०१६ मध्ये पेंग्विन मुख्य यंत्रणेत सामावून घेतला, तेव्हापासून सहसा साइटला शिक्षा करण्याऐवजी त्या लिंकांचं वजन शून्य धरलं जातं. डिसेंबर २०२२ मध्ये याच कामाला ‘स्पॅमब्रेन’ ही यंत्रणा जुंपली. ती लिंक विकत घेणाऱ्या साइट ओळखते आणि फक्त लिंक पुरवण्यासाठी चालवलेल्या साइटही ओळखते, असं गुगलने तेव्हाच सांगितलं होतं. तुमच्या बाबतीत याचा अर्थ एवढाच की बहुधा काहीच होणार नाही. नोटीस येणार नाही, मेल येणार नाही. दर महिन्याला १२ हजार जातील आणि त्या बदल्यात आलेल्या मालाची किंमत शून्य असेल. सुरुवातीला लिंका काही काळ चालल्या, क्रमांक वर गेला आणि मग त्या शून्य झाल्या, तर त्यांच्यामुळे मिळालेला फायदा परत मिळत नाही, हेही गुगलने स्पष्ट लिहून ठेवलंय. अशा वेळी मालक ‘नवीन अपडेटने मारलं’ म्हणत बसतात. अपडेटने काही मारलेलं नसतं, खालचे टेकू काढून घेतलेले असतात.

दुसरी तऱ्हा म्हणजे मॅन्युअल ॲक्शन. यात गुगलमधला माणूस तुमची साइट बघतो आणि कारवाई करतो. ती सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटमालकांसाठीच्या गुगलच्या साधनात, लेखी दिसते.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण जेसी पेनी या अमेरिकेतल्या मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरचं. २०१०च्या नाताळाच्या हंगामात ‘ड्रेसेस’ शोधा, ‘बेडिंग’ शोधा, पहिला नंबर यांचाच. ‘सॅमसोनाइट कॅरी ऑन लगेज’ शोधलं तरी खुद्द सॅमसोनाइटच्या वर हे. न्यूयॉर्क टाइम्सने फेब्रुवारी २०११ मध्ये एका जाणकाराकडून तपास करून घेतला, तर नुसत्या ड्रेसशी संबंधित शब्दांच्या लिंका असलेली २,०१५ पानं सापडली. ती कुठली? कुत्र्यांवरची, घोरण्यावरची, दंतवैद्यांची, हॉटेलच्या फर्निचरची. ९ फेब्रुवारीच्या संध्याकाळी सॅमसोनाइटच्या त्या शोधात पेनी पहिल्या नंबरवर होती, दोन तासांनी ७१व्या. ‘लिव्हिंग रूम फर्निचर’मध्ये पहिल्यावरून ६८व्या. कंपनी म्हणाली आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं, आणि आपल्या एसईओ सल्लागाराला काढून टाकलं. सल्लागार गेला, पण घसरलेली साइट पेनीचीच होती ना!

पेनीला ते परवडलं. शहराशहरात दुकानं होती, जाहिरातीला पैसा होता. तुमच्या धंद्याला जवळचं उदाहरण इंटरफ्लोराचं आहे, कारण त्यांचाही धंदा सणावर चालतो. ब्रिटनमधली ही फुलं पोचवणारी कंपनी. तिच्याबद्दलचे प्रायोजित लेख तिथल्या प्रादेशिक वर्तमानपत्रांच्या साइटवर ढिगाने आले होते आणि त्यात वजन पोचवणाऱ्या लिंका होत्या. फेब्रुवारी २०१३ मध्ये, व्हॅलेंटाइन डे होऊन गेल्यावर, इंटरफ्लोरा गुगलवरून गायब झाली. कंपनीचं स्वतःचं नाव टाइप केलं तरी तिची साइट दिसेना. ब्रिटनमधला मातृदिन त्या वर्षी १० मार्चला होता. लिंका काढायची एकच धावपळ झाली आणि अकरा दिवसांत साइट परतली, कशीबशी मातृदिनाच्या आधी. ज्या वर्तमानपत्रांनी ते लेख छापले त्यांचंही वजन गुगलने उतरवलं. (गुगल पक्षपात करतं असं म्हणणाऱ्यांसाठी: जानेवारी २०१२ मध्ये क्रोमच्या जाहिरातीत असाच घोळ सापडला, तेव्हा त्यांनी स्वतःचंच क्रोमचं पान किमान ६० दिवसांसाठी खाली टाकलं होतं.)

अकरा दिवसांत सुटका मोठ्या नावांची होते. लहान साइटवाल्यांनी त्यावर विसंबू नये. कारवाई उठवा म्हणून गुगलकडे पुनर्विचाराचा अर्ज केल्यावर उत्तर यायला काही दिवस ते काही आठवडे लागतात, आणि लिंकांच्या प्रकरणात आणखी वेळ लागू शकतो. तुमचा सगळा सिझन गणपती उठल्यापासून वसुबारसेपर्यंतचा. त्यात कुरिअरची शेवटची तारीख धरली तर आणखी आखूड. सप्टेंबरअखेरीस कारवाई झाली तर त्या वर्षीची दिवाळी संपली असंच धरा.

आणि अर्जाआधीचं काम म्हणजे नाकी नऊ. सहली नेणाऱ्या एका संस्थेचं प्रकरण माझ्याकडे आलं होतं. लिंका घालणारी एजन्सी तोपर्यंत फोन उचलेनाशी झालेली. सर्च कन्सोलमधून लिंकांची यादी उतरवायची, एकेक साइट उघडून बघायची, मालकाला मेल टाकायचा की बाबा रे, ही लिंक काढ. निम्म्या साइटवर संपर्काचा पत्ताच नाही. काहींनी उत्तर दिलं, ‘काढतो, पण काढायचे चार्जेस पडतील.’ घालायला पैसे, काढायलाही पैसे! जे उरतं त्याची टेक्स्ट फाइल करायची, एका ओळीत एक डोमेन, आणि ती डिसअव्हाव टूलमध्ये, म्हणजे ‘या लिंका धरू नका’ असं गुगलला कळवायच्या साधनात, टाकायची. गुगलने हे साधन २०१२ मध्येच दिलं. पण नुसती फाइल टाकून भागत नाही, लिंका काढायचा खरोखर प्रयत्न केला हे अर्जात दाखवावं लागतं. त्या संस्थेवरची कारवाई शेवटी उठली. जुना क्रमांक परत आला नाही, कारण तो त्या लिंकांवरच उभा होता.

हे सगळं करणार कोण? तुम्ही. एजन्सीने हमी कशाची दिली आहे ते नीट वाचा: ‘५०० लिंक’. ऑर्डरीची नाही, क्रमांकाची नाही, कारवाई झाली तर साफसफाईची तर नाहीच. उद्या त्यांनी हात वर केले तर त्यांचं काही जात नाही, त्यांना दुसरं गिऱ्हाईक आहे. डोमेन तुमचं, दुकानाचं नाव तुमचं. माझ्या मते सौदा न करायला एवढं एकच कारण पुरे आहे.

तुमच्या लाइनमधल्या त्या माणसाबद्दल. तो लिंकांमुळेच वर आलाय हे तुम्हाला कोणी सांगितलं? एजन्सीनेच ना? त्याची साइट दहा वर्षं जुनी असेल, लोक त्याचं नाव टाकूनच शोधत असतील, ग्राहकांचे अभिप्राय भरपूर असतील. आणि समजा लिंकांमुळेच आला असेल, तरी त्यातल्या कुठल्या चालतायत ते त्यालाही ठाऊक नसणार. तो तुमच्या साइटवर मुद्दाम घाण लिंका सोडेल अशी धास्ती काही जण घालतात आणि तुमच्याकडून डिसअव्हावचे पैसे उकळतात. त्या फंदात पडू नका. बाहेरचा कचरा गुगल बहुतेक वेळा आपणहून बाजूला टाकतं आणि बहुतेक साइटना ते साधन वापरायची गरज पडत नाही.

१२ हजार खर्चायचेच असतील तर कशावर? २०२५चंच बघा. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची करमाफी काढली आणि भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेला जाणारी बहुतेक पार्सलं थांबवली. ती १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाली, तेव्हा दिवाळी अक्षरशः दारात होती. त्या सात आठवड्यांत न्यू जर्सीतल्या मुलीला फराळ पाठवू पाहणाऱ्या प्रत्येक आईला एकच प्रश्न होता: आता जाणार कसा, आणि ड्यूटी कोण भरणार? त्याचं उत्तर साध्या मराठीत, तारीख घालून, रोज ताजं ठेवणारं पान ज्याच्याकडे असेल, त्याची लिंक लोक न मागता पुढे पाठवतील. दरवर्षी असं काहीतरी निघतंच. ऑस्ट्रेलियात दुधाच्या पदार्थांची तपासणी कडक, मग बॉक्समध्ये काय ठेवायचं, काय नाही? कुठल्या देशासाठी पार्सल कधी निघालं पाहिजे? हे तुम्हाला तोंडपाठ असणार, साइटवर मात्र बहुधा नाही.

परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांच्या दिवाळी कार्यक्रमाला प्रायोजक व्हा, पण लिंकसाठी नको. पैसे देऊन मिळालेल्या लिंकवर ‘स्पॉन्सर्ड’ किंवा ‘नोफॉलो’ची खूण असावी असा गुगलचा नियम आहे आणि मंडळाच्या वेबसाइट सांभाळणाऱ्याला तुम्हीच तसं सांगा. ती खूण असली की क्रमांकाला फायदा होईल असं धरू नका. पण हॉलमधल्या तीनशे माणसांनी तुमची चकली खाल्लेली असेल.

एक काम आजच करा. सर्च कन्सोल उघडा, ‘मॅन्युअल ॲक्शन्स’चं पान बघा. आणि याआधी कोणाकडून लिंकांचं काम करून घेतलं असेल तर त्यांच्याकडून कुठे कुठे लिंका टाकल्या त्याची पूर्ण यादी मागून घ्या, ते अजून फोन उचलतायत तोवर.