समुद्र न पाहिलेल्या मुलांना भूरूपं शिकवताना

ताई, तुमच्या पाचवीच्या वर्गाने बेट, खाडी, त्रिभुज प्रदेश सगळं पाठ केलं, पण गावामागच्या टेकडीला भूरूप म्हणायला एकही पोर तयार नाही, हे वाचलं आणि तिवशाकडची माझी नोकरी आठवली. व्याख्या तुम्हाला येतातच, त्या सोडतो.

माझं ठाम मत आहे, सुरुवात समुद्रापासून करूच नका. उतारापासून करा. आपल्या अमरावती जिल्ह्याच्या पश्चिमेचं पाणी पूर्णेत जातं, चांगदेवजवळ तापीला मिळतं आणि सुरतेकडून अरबी समुद्रात. पूर्वेचं पाणी वर्धेत. वर्धा-वैनगंगेची प्राणहिता होते, ती गोदावरीत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. एकाच जिल्ह्यातला पाऊस दोन समुद्रांना जातो. आपलं गाव कोणत्या बाजूचं, हे मुलांनाच शोधू द्या. वावरातलं पाणी कोणत्या धुऱ्याकडे, म्हणजे बांधाकडे, पळतं, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

आवारात मुरमाचा ढीग असेल तर जोराची सर थांबल्याबरोबर सगळ्यांना त्याभोवती बसवा. वर बारीक घळी पडलेल्या दिसतात, खाली येता येता त्या एकमेकींना मिळतात. धार डबक्याला भेटते तिथे वेग मरतो. जाड खडे आधी बसतात, मऊ गाळ पुढे जाऊन पंख्यासारखा पसरतो आणि त्यावरून पाणी दोन-तीन फाट्यांनी वाहतं. हाच त्रिभुज प्रदेश. आंध्रातल्या धवळेश्वरमच्या खाली गोदावरीही अशीच गौतमी आणि वसिष्ठा होऊन फुटते.

आता मला सगळ्यात महागात पडलेली गोष्ट. कार्यालयाचं नाव घेत नाही. मुलांनी शाळेच्या भिंतीवर शिवाराचा नकाशा काढला होता: टेकाड, पांदण, गावतळं आणि निळ्या रंगात नाला. तपासणीला आलेल्यांनी तो "ठरलेल्या नमुन्यात नाही" म्हणून पुसायला लावला. मग तुटपुंज्या अनुदानातून तयार चित्र रंगवून घ्यावं लागलं. बर्फाचे डोंगर, नारळाची झाडं, आणि नदीला एक उपनदी नाही, उलट डोंगरातच फाटे फुटलेले! लेखी कळवलं, उत्तर आलं नाही. पैसे गेले ते गेलेच, पण त्यानंतर मुलं सांगायला लागली की आपला नाला उन्हाळ्यात आटतो, चित्रातही नाही, म्हणून तो जलरूप नाही. ज्या नाल्यात ती पोहायला शिकली, तो! याचा राग माझा अजून गेलेला नाही. हंगामी प्रवाह हाही प्रवाहच, हे पुन्हा बसवायला वर्ष गेलं.

म्हणून भिंतीच्या भानगडीत पडू नका, जमिनीवर मातीचा नकाशा करा. कार्यालयाला काहीही दिलं तर पोच घ्या. तुमच्याकडचे साहेब चांगले असतीलही, मी माझ्या अनुभवाचं बोलतोय. परीक्षेत मात्र पुस्तकातलीच व्याख्या लिहून घ्या, गुण उगाच जायला नकोत.

सहलीची बस मिळाली तर लोणार न्या. तिथल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नाही. पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात. समुद्र खारट का, ते तिथे उभ्या उभ्या समजावता येतं.

आणि पावसाळ्यात नाला दाखवायचा तर काठावर, लांबूनच. आपल्याकडे ऊन असतं आणि वर डोंगरात पडलेल्या पावसाचा लोंढा येतो. पालकांची लेखी संमती घ्याच.