अंगठा दुखतो आणि पेशंट खोकला की छातीत धडधडतं

प्रश्न: मी फिजिओथेरपिस्ट आहे, नाशिकला, वय ३८. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये क्लिनिक बंद, भाडं मात्र चालूच. उघडल्यावर जेवढे पेशंट आले तेवढे घेतले, मग २०२१ च्या दुसऱ्या लाटेत कोविड वॉर्डातही काम केलं. तेव्हापासून उजव्या अंगठ्याच्या मुळाशी आणि मानेत दुखतंय ते अजून गेलं नाही. पेशंट जवळ खोकला की आजही छातीत धडधडतं, रात्री झोप मोडते. घरचे म्हणतात तूच फिजिओ, तुझं तूच बघ. हे शरीराचं आहे की मनाचं?

उत्तर: ताई, दोन्हीचं आहे, आणि दोन्ही खरं आहे. मनाचं म्हटलं की दुखणं खोटं असं समजणारे आपल्याकडे खूप, त्यांचं अजिबात मनावर घेऊ नका. झोप नीट नाही, सतत धास्ती, मग मान-खांदे आवळलेले राहतात, नसाही जास्त हळव्या होतात आणि तेवढ्याच ताणाला जास्त दुखतं, आणि दुखतंय म्हणून परत काळजी की हातच चालला नाही तर घर कसं चालणार.

कंबर, मान, मनगट, अंगठा ही आपल्या व्यवसायातली जुनीच दुखणी. पण कोविडमध्ये काय झालं बघा, आधी दोन-तीन महिने हात रिकामे आणि मग एकदम पाठोपाठ पेशंट, सांध्यांना सवय व्हायला वेळच मिळाला नाही. डबल ग्लोव्ह्जमध्ये बोटांना नीट जाणवत नाही म्हणून आपण नकळत जास्त दाबतो, गॉगलवर वाफ धरली की मान पुढे काढून बघतो. ऑक्सिजनवरच्या माणसाला पालथं करायला चार-पाच जण हवेत, तिथे कित्येकदा दोघं-तिघंच असायचे. होम व्हिजिटला पेशंट खालच्या दिवाणावर आणि आपण वाकलेले.

आणि सगळं जग लांब उभं होतं तेव्हा आपलं काम हात लावल्याशिवाय होतच नव्हतं, संध्याकाळी त्याच हातांनी घरच्यांना जेवायला वाढायचं. काल श्वासाचे व्यायाम शिकवलेला माणूस आज बेडवर नाही, हेही पाहिलं असेल तुम्ही. त्याबद्दल फिजिओंना फारसं कुणी विचारलंच नाही, मला याचं फार वाईट वाटतं.

आता करायचं काय, तर स्वतःचं स्वतः तपासू नका, दुसऱ्या फिजिओला किंवा हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. चिमटीत धरताना मुळाशी दुखतं का, अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे वाकवल्यावर कळ येते का, रात्री बोटांना मुंग्या येतात का, प्रत्येकाचं कारण वेगळं आणि उपचारही वेगळे. तोवर अंगठ्याने खोल दाबणं बंद, कोपर वापरा, पेशंटचा सांधा ओढायला बेल्ट वापरा, टेबलाची उंची कमी करून अंगाचं वजन कामाला लावा. दोन पेशंटमध्ये पंधरा मिनिटं मोकळी ठेवा, पैसे थोडे कमी येतील हे मला कळतंय, तरीही ठेवा.

इतक्या वर्षांनी खोकल्याने धडधडतंय आणि झोप मोडतेय म्हणजे मानसोपचारतज्ज्ञांना भेटायलाच हवं. आधी नुसतं बोलायचं असेल तर सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, फोन फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. जगणंच नकोसं वाटण्यापर्यंत कधी गेलं तर मात्र थांबू नका, त्याच क्षणी फोन करा आणि घरात कुणाला तरी जवळ बसवा.

घरच्यांना हे उत्तर वाचायला द्या, आणि डॉक्टरांची वेळ या आठवड्यातच घ्या, त्या दिवशीचे पेशंट पुढे ढकला.